आधी किंमत, मग लस

सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे माणसांची रीघ लागलेली असते. 2010 साली त्याच तारखेला, हजारो मैल दूर, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात अगदी वेगळ्या कारणाने रांगा लागल्या होत्या. एक वर्षाच्या बाळापासून एकोणतीस वर्षांच्या तरुणापर्यंत प्रत्येकाला दंडात एक सुई टोचून घ्यायची होती. त्या महिन्यात त्या लहानशा, गरीब देशाने एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचली. लशीचे नाव ‘मेनआफ्रिव्हॅक’. ती ज्या कुपीत भरलेली होती ती कुपी मात्र आली होती आपल्या पुण्यातून, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून.

आज ही हकीकत आपल्याकडे फार थोड्यांना आठवत असेल. करोनाच्या साथीत ‘सीरम’चे नाव घरोघर पोहोचले, पण त्याच्या दहा वर्षे आधी या कारखान्याने एका भागीदारीत जे काम केले, ते औषधांच्या जगात अजून दाखल्यासारखे सांगितले जाते. दाखला लशीचा आहे, तसाच करारपत्राचाही आहे. औषध कसे शोधले याच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. ते शोधण्याआधी कोणी कोणाशी काय ठरवले होते, याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रुग्णाच्या खिशाचा निकाल मात्र तिथेच लागलेला असतो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या कमरेला पट्टा बांधावा तसा एक प्रदेश आहे. डिसेंबरपासून तिथे कोरडे, धुळीचे वारे सुटतात आणि त्या दिवसांत मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची साथ येते. सकाळी ताप आलेले मूल दुसऱ्या दिवशी दगावू शकते. जे वाचते त्यातले कित्येक बहिरे होतात. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. त्या काळी मिळणारी लस रोगजंतूच्या साखरेच्या कवचापासून बनवलेली असे. तिचा गुण दोन-तीन वर्षांत ओसरायचा आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत तर तिचा उपयोगच नसायचा. त्या कवचाला धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाची जोड दिली की तीच लस लहानग्यांनाही लागू पडते आणि टिकते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. श्रीमंत देशांत अशा ‘जोड’ लशी निघाल्याही होत्या, पण त्या तिथल्या जंतूंसाठी. आफ्रिकेतला ‘ए’ जातीचा जंतू ज्यांना छळत होता, त्यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यामुळे त्यांच्यासाठी लसही नव्हती.

2001 साली गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील सिएटलची ‘पाथ’ ही ना-नफा संस्था यांनी मिळून लशीचा प्रकल्प उभा केला. डॉ. मार्क लाफोर्स हे त्याचे प्रमुख. पैसे हातात असले की माणूस प्रथम प्रयोगशाळेकडे धाव घेतो. इथे तसे झाले नाही. प्रकल्पाची मंडळी आधी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटली. त्यांचे उत्तर रोखठोक होते. एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त पैसे पडणार असतील तर ही लस आमच्या कामाची नाही. अर्धा डॉलर म्हणजे तेव्हाचे वीस-पंचवीस रुपये.

मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली आणि फिसकटली. या भावात त्यांना रस असण्याचे कारणही नव्हते. मग प्रकल्पाने सगळी वाटच उलटी धरली. किंमत आधी ठरली आणि ती ज्याला परवडेल असा उत्पादक शोधायला मंडळी बाहेर पडली. तो पुण्यात सापडला. जंतूच्या कवचाची साखर ॲम्स्टरडॅमच्या सिन्को या कंपनीने पुरवायची. धनुर्वाताचे प्रथिन सीरमकडे होतेच; वर्षानुवर्षे ती लस तिथे बनत होती. दोन्हींची जोड कशी द्यायची याची युक्ती अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत दोन शास्त्रज्ञांनी काढली होती. ती परवान्याने मिळाली आणि पुण्याचे शास्त्रज्ञ तिकडे जाऊन ती हाताने करून शिकून आले. पुढे मालीत आणि गांबियात मुलांवर चाचण्या झाल्या. 2010 च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लशीला मान्यता दिली आणि डिसेंबरात वर सांगितलेल्या रांगा लागल्या. किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली.

पुढे पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. चाड या देशात लसीकरण झालेल्या भागात मेनिन्जायटिसचे प्रमाण, न झालेल्या भागाच्या तुलनेत, चौऱ्याण्णव टक्क्यांनी कमी आढळले. ‘ए’ जातीची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली. (जंतूच्या बाकीच्या जाती मात्र राहिल्या. त्यांच्यासाठी पाच जातींवर चालणारी लस सीरम आणि ‘पाथ’ यांनीच ब्रिटिश सरकारच्या मदतीने केली आणि 2024 साली नायजेरियाने ती प्रथम वापरली.)

यात सीरमने धर्मादाय केला असे कोणी समजू नये. कंपनीला एक अवघड विद्या फुकटात शिकायला मिळाली, खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले आणि जोड-लशींच्या त्याच वाटेने पुढे न्यूमोनियाची लसही आली. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता. फरक इतकाच, की तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे सुई टोचून घेणाऱ्याचा फायदा करारात आधीच लिहिलेला होता.

औषधाच्या धंद्यात आज एकट्याने काही होत नाही. एक रेणू हाती लागण्यापासून तो दुकानात गोळी होऊन येईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात, आणि दहातली नऊ औषधे माणसांवरच्या चाचण्यांत गळतात. म्हणून विद्यापीठ, छोटी कंपनी, मोठी कंपनी, सरकार, इस्पितळ असे सगळे एकमेकांचा हात धरतात. या हातमिळवणीच्या तऱ्हा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मोठमोठ्या नावांनी दिलेल्या असतात. आपल्याला त्या समजायला गावच्या शेतीचे शब्द पुरतात.

पहिली तऱ्हा रोजंदारीची. जमीन तुमची, पीक तुमचे, आम्ही येऊन राबतो, आमची मजुरी द्या. हैदराबाद, बंगळूर, पुणे इथल्या कित्येक संशोधन कंपन्या परदेशी औषध कंपन्यांसाठी असे काम करतात. बंगळूरला बायोकॉनच्या सिंजीन या कंपनीने अमेरिकेच्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विबसाठी तर 2009 साली एक स्वतंत्र संशोधन केंद्रच उभे केले. शेकडो तरुण-तरुणींना त्यातून चांगल्या नोकऱ्या मिळतात, हात तयार होतो, शिस्त लागते. मात्र उद्या त्या रेणूचे सोने झाले तरी त्यात रोजंदारीवाल्याचा वाटा नसतो. यात वावगे काही नाही, पण याला ‘भारतीय शोध’ म्हणून टाळ्या पिटणे बरे नव्हे.

दुसरी तऱ्हा खंडाची. रोप आम्ही लावले, पुढची मशागत करण्याची ताकद आमच्यात नाही. तुम्ही जमीन करा, आम्हाला बयाणा द्या आणि दरसाल खंड द्या. डॉ. रेड्डीजने 1997 साली मधुमेहावरचा आपला एक रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला असा दिला, तेव्हा भारतीय कंपनीने असे प्रथमच केले म्हणून केवढे कौतुक झाले होते. त्याच दोघांमधला दुसरा एक रेणू माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचला आणि 2002 साली, उंदीर-घुशींच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून, ते काम थांबवावे लागले. कंपन्या जोखीम घेतात हे खरेच आहे. ते नाकारून पुढचे काही बोलण्यात अर्थ नाही. पण कधी पीक येतेही. 2025 च्या जुलैमध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कच्या उपकंपनीने रक्ताच्या कर्करोगावरचे आपले औषध अमेरिकेच्या ॲबव्ही कंपनीला दिले, तेव्हा नुसता बयाणाच सत्तर कोटी डॉलरचा होता.

तिसरी बटईची. बी-बियाणे, खत, मेहनत अर्धी अर्धी आणि रासही अर्धी. जर्मनीची छोटी बायोएनटेक आणि अमेरिकेची अजस्र फायझर यांनी करोनाच्या लशीसाठी 2020 च्या मार्चमध्ये हेच केले. अशा सौद्यात दोघांनाही सारखीच काळजी असते, म्हणून काम झपाट्याने होते.

आणि चौथी सावडीची. आज सगळ्यांनी मिळून तुझे शेत, उद्या माझे. मेनआफ्रिव्हॅक या जातीचे. ही तऱ्हा सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत दुर्मिळ, कारण सावड जमवायला कोणीतरी वडीलधारा लागतो, जो स्वतः पीक मागत नाही.

इथवर सगळे दोन हातांचे किंवा चार हातांचे झाले. पण जमिनीचा मूळ मालक कोण? औषधाच्या संशोधनातली जमीन पुष्कळदा सार्वजनिक असते. ती विद्यापीठातल्या सरकारी पगारावरच्या संशोधकांनी नांगरलेली असते, करदात्याच्या पैशावर भिजलेली असते, आणि चाचणीसाठी दंड पुढे करणाऱ्या माणसांच्या विश्वासावर उभी असते. भागीदारीचा करार करताना या मालकाला कोणी बोलावते का?

शंभर वर्षांपूर्वी एकदा बोलावले होते. 1921 साली टोरंटो विद्यापीठात बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन वेगळे केले. मधुमेही मुले उपासमारीच्या पथ्यावर दिवस मोजत पडलेली असायची, तो काळ. प्रयोगशाळेत थोडेफार इन्सुलिन निघे, पण सगळ्यांना पुरेल इतके काढणे विद्यापीठाला झेपेना. 1922 च्या मे महिन्यात विद्यापीठाने अमेरिकेच्या एलाय लिली कंपनीशी करार केला. अमेरिकेपुरता एक वर्षाचा एकाधिकार. त्यानंतर इतरांनाही परवाने द्यायचे. शोधकर्त्यांनी आपले पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. ते कशासाठी, तर दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन दार बंद करू नये म्हणून. वर्षभरात कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने इन्सुलिन शुद्ध करण्याची चांगली युक्ती शोधली आणि कंपनी त्याचे पेटंट मागू लागली, तेव्हा विद्यापीठाने आवाज चढवला. करार जागेवर असल्यामुळे तो चढवता आला. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना विद्यापीठाने इन्सुलिन करण्याची परवानगी दिली, आणि त्यातून पुढे जी कंपनी वाढली ती आजची नोव्हो नॉर्डिस्क.

त्याच इन्सुलिनची दुसरी गोष्ट ऐका. 1976 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ जेनेनटेक ही नवी कंपनी निघाली. लॉस एंजलिसजवळच्या सिटी ऑफ होप या रुग्णालयाच्या शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी कृत्रिम जनुके बनवली, आणि 1978 साली जंतूच्या पोटात माणसाचे इन्सुलिन तयार झाले. विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी, असा करार होता. पण नेमकी कशाच्या विक्रीवर? फक्त कंपनीने विकलेल्या औषधांवर, की त्या पेटंटांचे परवाने दुसऱ्यांना देऊन मिळालेल्या पैशावरही? शब्द सैल होते. त्यावर 1999 साली दावा लागला, आणि 2008 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला तीस कोटी डॉलर देण्याचा निकाल कायम केला. करारातल्या एका ओळीची किंमत तीस कोटी डॉलर! शास्त्रज्ञ लोक करार वाचत नाहीत आणि वकील लोक प्रयोगशाळेत जात नाहीत, याचा हा खर्च.

अमेरिकी सरकारही यातून सुटले नाही. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे नामांकित औषध. ते एका झाडाच्या सालीत आहे हे सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने शोधले, सरकारी पैशाने त्याच्या चाचण्या केल्या, आणि 1991 साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबशी करार करून ते कंपनीच्या हवाली केले. 2002 पर्यंत कंपनीने नऊशे कोटी डॉलरची विक्री केली. सरकारी आरोग्य संस्थांना रॉयल्टी मिळाली साडेतीन कोटी डॉलर. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारी हिशेब तपासनिसांनी हे सगळे चव्हाट्यावर मांडले. 1989 पासून त्या संस्थांच्या करारांत ‘किंमत वाजवी असावी’ असे एक कलम असे. कंपन्या त्यामुळे जवळ येईनात म्हणून 1995 साली ते काढून टाकले गेले. कंपन्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे त्या कलमात कुठे लिहिले होते? अर्धा डॉलर हा आकडा आहे, ‘वाजवी’ हा आकडा नव्हे. मोघम कलम भल्या कंपनीला घाबरवते आणि लबाड कंपनीला अडवत नाही.

आता आपल्या घरी येऊ. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. नवजात बाळांच्या कक्षात रोटाव्हायरसची लागण झालेली होती, पण बाळांना जुलाब नव्हते. उलट अशा बाळांना पुढे जोराच्या जुलाबांपासून संरक्षण मिळत होते. निसर्गानेच जणू लस करून ठेवली होती. त्या विषाणूची लस होऊन ती सरकारी कार्यक्रमात यायला 2016 साल उजाडले. तीस वर्षे! केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, हैदराबादची भारत बायोटेक, अमेरिकेतल्या सरकारी संस्था, पुन्हा तीच ‘पाथ’, असे कितीतरी हात त्याला लागले. शेवटच्या चाचणीत 6799 बाळे होती. दिल्लीची, वेल्लोरची आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरातली, जिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. म्हणजे शिरूर तालुक्यातल्या आयाबायांनी आपली तान्ही बाळे या कामात विश्वासाने आणून दिली. कंपनीने एका मात्रेची किंमत एक डॉलर राहील असा शब्द दिलेला होता. ‘रोटाव्हॅक’ हे नाव लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आज सर्रास ऐकू येते. त्यामागे वढूच्या या बाळांचाही वाटा आहे.

भागीदारीत विश्वास गृहीत धरला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 2009 साली त्याच ‘पाथ’ने, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागाने, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदे जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली. लशी दोन परदेशी कंपन्यांनी फुकट दिलेल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीपत्रांवर कित्येक ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2010 च्या एप्रिलमध्ये काम थांबले आणि 2013 साली संसदीय समितीने कडक शब्दांत ताशेरे ओढले. एकच संस्था मेनआफ्रिव्हॅकची सावडही जमवते आणि इथे अशी घसरतेही. तेव्हा ‘संस्था चांगली आहे’ एवढ्या भरवशावर राहून चालत नाही. मुलींच्या वतीने त्या कागदांवर बोलणारे कोणी नव्हते, हे दुखणे. लस मुळात चांगली होती, पण या प्रकाराने तिच्याबद्दल जो संशय पेरला तो निवारायला पुढे वर्षे गेली.

करोनाच्या वेळचे तर सगळ्यांना आठवते. ऑक्सफर्डची लस बहुतांशी सरकारी आणि धर्मादाय पैशावर तयार झाली. ती कोणालाही बनवू द्यावी असे विद्यापीठ आरंभी म्हणत होते. 2020 च्या एप्रिलअखेर मात्र ॲस्ट्राझेनेकाबरोबर एकाधिकाराचा करार झाला. साथ असेतो नफा घेणार नाही, ही कंपनीची हमी त्यात होती, आणि त्याच करारातून पुढे सीरमला गरीब व मध्यम देशांसाठी शंभर कोटी मात्रांचे काम मिळाले. एवढ्या प्रमाणात लस इतक्या लवकर दुसऱ्या कोणी दिली नसती, हे मान्य करावे लागेल. पण ‘नफा घेणार नाही’ म्हणजे किती रुपये? युरोपीय देशांना ती मात्रा 1.78 युरोला मिळत असल्याचे बेल्जियमच्या एका मंत्रीबाईंच्या हातून चुकून जाहीर झाले, आणि दक्षिण आफ्रिकेने सीरमकडून तीच 5.25 डॉलरला घेतली. आपल्याकडे 2021 च्या एप्रिलमध्ये केंद्राला दीडशे रुपये, राज्यांना चारशे आणि खासगी इस्पितळांना सहाशे असे तीन भाव एकाच कुपीला जाहीर झाले. ओरड झाल्यावर राज्यांचा भाव तीनशेवर आला. त्या दिवसांत प्राणवायूसाठी वणवण करणाऱ्या घरांनी हे भाव वर्तमानपत्रात वाचले होते.

कोव्हॅक्सिनची कथा आणखी घरची. विषाणू वेगळा काढला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या सरकारने. भारत बायोटेकने तो वाढवून, मारून लस केली. सरकारी परिषदेला विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी, असे कलम होते. म्हणजे सरकारने खंड ठरवला, भाव ठरवला नाही. परिणामी खासगी इस्पितळांसाठी या सरकारी बीजाच्या लशीचा भाव बाराशे रुपये जाहीर झाला, कोव्हिशील्डच्या दुप्पट. पुढे कंपनीने पेटंटचे अर्ज केले त्यांत परिषदेच्या शास्त्रज्ञांची नावेच नव्हती. 2024 च्या जूनमध्ये हे बाहेर आल्यावर, ते अनवधानाने राहून गेले, आता घालतो, असे कंपनीने सांगितले. अनवधान असेलही. पण सरकारी बाजूने इतकी वर्षे ते अर्ज कोणी पाहिलेच नव्हते काय?

आमचे म्हणणे कंपन्यांना खलनायक ठरवण्याचे नाही. कंपनी नफ्यासाठी असते आणि तिने तो लपवूही नये. तक्रार आहे ती सार्वजनिक संस्थांच्या संकोचाविषयी. आपला शास्त्रज्ञ करार करताना वधूपित्यासारखा बसतो; समोरच्याने होकार दिला यातच त्याला धन्यता. खरे तर रोप त्याच्या हातात आहे. भाव आकड्यात मागावा. ठरल्या मुदतीत कंपनीने माल बाजारात आणला नाही तर परवाना परत घेण्याचे कलम घालावे. ज्या गावांत चाचणी झाली त्या गावांना औषध प्रथम आणि परवडेल असे मिळेल, हे लिहून घ्यावे. यातले काही अशक्य नाही. टोरंटोने आणि लाफोर्स यांच्या मंडळींनी ते करून दाखवले आहे.

हे आत्ताच म्हणायचे कारण आहे. 2023 साली केंद्र सरकारने औषध व वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांच्या संशोधनाला जाणार आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी खारघरच्या केंद्रात रुग्णांवर तपासलेल्या आणि इम्युनोॲक्ट या आयआयटीतूनच निघालेल्या कंपनीने तयार केलेल्या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला परवानगी मिळाली. ‘नेक्सकार-19’ त्याचे नाव. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत शिकवून परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी पडतात, इथे चाळीस लाखांच्या आसपास. दहा पटींनी स्वस्त, आणि याचा अभिमान कोणाही मराठी माणसाला वाटावा असाच आहे. तरीही परळला टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर पथारी टाकून राहणाऱ्या कुटुंबांना तीन कोटी काय आणि चाळीस लाख काय, दोन्ही सारखेच.

पुढचे औषध या दोन आकड्यांच्या कुठे खाली उतरणार, हे आज कुठल्यातरी टेबलावर ठरत असेल. निदान सार्वजनिक पैसा लागलेल्या अशा करारांची कलमे लोकांना वाचता यावीत एवढे तरी सरकारने करावे. व्यापारी गुपिते वगळा हवी तर, पण भाव, मुदत आणि मालकी या तीन बाबी उघड ठेवा. अशाने कंपन्या बिथरतील अशी भीती दाखवली जाईल. टोरंटो विद्यापीठाचा लिली कंपनीशी झालेला 1922 चा करार विद्यापीठाच्या ग्रंथालयाने लोकांसाठी खुला ठेवला आहे. कोणीही उघडावा आणि ओळ न् ओळ वाचावा. लिली कंपनी आजही इन्सुलिन विकते.